दुसऱ्या हौदातला लाल

दस्तगीर पेंटर म्हणाला, ताई, बदामी घ्या,
सोलापूरच्या उन्हाला बदामीच सोसतो.
मग मोतिया दाखवला, मग आकाशी,
मग शेडकार्डाचा पंखा मिटून
माझ्याकडे असं बघितलं
जसं पतपेढीत मी बघते
जामीनदार न आणणाऱ्या माणसाकडे.

मी म्हटलं, लाल.
एकच भिंत. पश्चिमेची.
विटकरी नाही, डाळिंबी नाही,
मरून तर मुळीच नाही.
शेंगाचटणी कुटताना
तेल सुटायच्या आधी तिखट दिसतं ना,
तो.

बातमी गल्लीत माझ्याआधी पोचली.
बोल्लींची सून विचारून गेली, देवी बसवताय का?
खालचे कोंड्याल हसले,
पक्षाचं ऑफिस असेल तर बाहेरून रंगव की,
विडी घरकुलात लालला कोण नाही म्हणणार!
कुणी म्हणालं, डोकं दुखेल.
कुणी म्हणालं, खोली लहान दिसेल.
दहा बाय बाराची खोली
आणखी किती लहान दिसणार?

अम्मा काही बोलली नाही.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
बोटं चालू. पूर्वी दिवसाला हजार, आता चारशे.
रात्री दिवा घालवल्यावर म्हणाली,
घरात तरी नको होता.

ती कुठला म्हणत होती मला माहीत होतं.
नान्ना रंगखात्यात होते.
पहिल्या हौदातून सूत निघायचं पिवळट,
आजाऱ्याच्या नखासारखं,
दुसऱ्यात बुडालं की
श्वास घ्यायच्या आत लाल.
मी सात वर्षांची, डबा घेऊन दारात,
मला वाटायचं हे नान्नाच करतात.

हात कोपरापर्यंत तसेच.
कालवलेल्या भाताकडे बघवायचं नाही.
माझ्या प्रगतिपुस्तकावर सही, आणि सहीशेजारी
कुणी न मागितलेला अंगठा.
मी ते पान दुमडून द्यायचे बाईंना.
पाहुण्यांत ते हात मागे बांधून उभे राहायचे,
लोकांना वाटायचं, केवढा रुबाब.
शेवटच्या आंघोळीला अम्माने ते हात
तीनदा साबण लावून घासले.
गेला नाही.

दस्तगीर आला तो राखाडी घेऊन.
मी म्हटलं, हे काय?
म्हणाला, लालला अंग नसतं ताई,
खालचं सगळं वर दिसत राहतं.
आधी राखाडी मारला की मग तो उभा राहतो.
दोन दिवस भिंत
बंद पडलेल्या गिरणीच्या पत्र्यासारखी.
अम्मा एकदाच म्हणाली, हाच राहू दे.

मग पहिला हात, गुलाबी, ओशाळलेला.
दुसरा.
तिसऱ्याला दस्तगीर खाली उतरला,
दारापर्यंत मागे गेला,
आणि बदामी हा शब्द पुन्हा काढला नाही.

चौथ्या दिवशी मी पतपेढीतून लवकर आले.
अम्मा भिंतीशी. पदराचं टोक तांब्यात बुडवून
लाल घासत होती,
नान्ना चादरीचा कोपरा घासायचे तशी,
शेठला दाखवण्याआधी, पांढऱ्या चिंधीने,
दोनदा उभं, दोनदा आडवं.
मग टोक खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.
ओलं होतं. पांढरं होतं.

पोदु, म्हणाली. जात नाही.
मला नाही, भिंतीला.
मग सूप उचललं,
दाराशी बसायची ती
आत येऊन भिंतीला पाठ टेकून बसली
आणि मोजत असलेला आकडा विसरली म्हणून
पहिल्या विडीपासून पुन्हा मोजू लागली.

दस्तगीरचे तीनशे द्यायचे राहिलेत.
डब्यात पाव लिटर उरलाय,
झाकण ठोकून माळ्यावर ठेवून गेला.
म्हणाला, कुठे खरचटलं तर असू दे.